सासूबाईंच्या उशीची बिअर

फ्रिटनहर्स्ट, केंट
जुलै १९७३, मंगळवार, जेवणानंतर

आदरणीय ड्रुसिलाताई,

टोपी काढून बाजूला ठेवली आहे, हात साबणाने धुतले आहेत आणि स्वयंपाकघरातलं टेबल पुसून मगच लिहायला बसलो आहे, यावरून माझ्या मनात तुमच्याबद्दल किती आदर आहे ते तुम्ही ओळखालच. तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? मार्गेटच्या खाऱ्या वाऱ्याने लोखंडी कठडे गंजतात, तिथे माणसाच्या गुडघ्याचं काय घेऊन बसलात. कॅनरी पुन्हा गायला लागली का? आणि वरच्या खोलीतले तुमचे भाडेकरू, ते निवृत्त दंतवैद्य, अजूनही जेवताना समोरच्याच्या दातांकडे बघून बोलतात का? (मागच्या ईस्टरला त्यांच्यामुळे मी तोंड मिटून मटण खाल्लं. करून बघा एकदा, सोपं नाही.) इकडे सगळं उत्तम आहे. कोंबड्या अंडी देतायत, घेवड्याचे वेल काठीच्या टोकाला पोचलेत, छप्पर गळत नाही (पाऊसच नाही). मी वेळेवर जेवतो आणि रात्री गाढ झोपतो. तुमच्याकडे सध्या जी पाहुणी आहे तिने चुकून माझी चौकशी केलीच, तर हे शेवटचं वाक्य तिला वाचून दाखवायला माझी हरकत नाही.

आता पाहुणीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. तुमची बहीण थर्झा तपकिरी पिशवी घेऊन सकाळच्या बसने तुमच्याकडे निघून आली, तेव्हा तिने तुम्हाला काय काय सांगितलं असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. तिचा शब्दन् शब्द खरा आहे. तुमच्या मातोश्रींनी स्वतःच्या हाताने शिवलेली उशी मी फाडली, हे खरं. तिच्यातल्या हॉप्सच्या वाळल्या फुलांची मी बिअर केली, हेही खरं. पण ताई, चार शब्दांत सांगितलं की कुठलाही माणूस राक्षस दिसतो. तेच जरा ऐसपैस सांगितलं की तोच माणूस बिचारा वाटायला लागतो. म्हणून मी ऐसपैस सांगणार आहे. ती परत कधी येणार, हे मी विचारत नाहीये. तो तिचा प्रश्न आहे. तिचं घर आहे, तिच्या कोंबड्या आहेत, तिचा नवरा आहे (थोडा वापरलेला). तिला वाटेल तेव्हा येईल. मी आपलं नुसतं कळवतोय.

सगळ्याच्या मुळाशी आहे आमचा पब. तुम्हाला 'बेल अँड जॅकडॉ' आठवत असेल. तिथे तळघरातल्या लाकडी पिंपातून अँब्रोझ टिकनर हाताने दांडा ओढून बिअर वर आणायचा. तांबूस, कोमट, कडू. इतकी कडू, की पहिला घोट घेतल्यावर माणूस क्षणभर गप्प व्हायचा, आणि मग दुसरा घोट घेतल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. चाळीस वर्षं मी संध्याकाळी ती प्यायलो. यंदाच्या वसंतात बिअर पुरवणाऱ्यांनी तो दांडा उपटून नेला आणि त्या जागी एक प्लास्टिकचा डबा बसवला. त्याच्या आत दिवा लागतो. बटण दाबलं की स्टीलच्या पिंपातून गार, गोडूस, गॅस भरलेलं काहीतरी येतं. ते प्यायल्यावर मला आठवडाभर ढेकर आले. पण आपल्या लोकांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्याला एखादी गोष्ट मनापासून नावडली की आपण म्हणतो, "छान आहे हं," आणि घरी जाऊन बायकोचं डोकं खातो. आमच्या अख्ख्या गावाने त्या डब्यासमोर उभं राहून "छान आहे" म्हटलं. अँब्रोझनेसुद्धा म्हटलं, आणि तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी घरी आलो आणि थर्झापाशी कुरकुर सुरू केली. ती मे महिनाभर चालली. शेवटी तिने विणकाम खाली ठेवलं आणि म्हणाली, "एवढी आग होते ना जिवाची, मग तूच कर की घरी! आणि माझा पिच्छा सोड!"

तेव्हा मूळ कल्पना तिची. हे नमूद व्हावं.

पहिला प्रयोग मी फार उत्साहाने केला. आमच्या परसात धुण्याच्या खोलीत विटांच्या चुलीवर बसवलेला तांब्याचा हंडा आहे, तुमच्या बहिणीचा कपडे उकळायचा. बिअरला एवढा मोठा हंडा लागतोच. मोड आणून भाजलेलं जव भरडायचं, गरम पाण्यात भिजवून त्याचा गोडवा उतरवून घ्यायचा, ते गोड पाणी गाळून हंड्यात हॉप्सबरोबर खळाखळा उकळायचं, निववायचं, यीस्ट घालायचं आणि मग वाट बघायची. एवढंच तर आहे. मी हंडा घासून घेतला होता. पण चादरी पांढऱ्याशुभ्र निघाव्यात म्हणून थर्झा त्यात नीळ घालते, आणि वर्षानुवर्षांची ती नीळ हंड्याच्या सांध्यात जाऊन बसली होती हे मला कोण सांगणार? बिअर झाली. चव अगदी वाईट नव्हती. पण रंग तळ्यासारखा आला, हिरवट निळा, आणि फेस धरेना, कारण साबण. मी शेजारच्या मिसेस होल्नेसना एक ग्लास दिला. त्या खूप वेळ ग्लासकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "छान आहे हं." तेव्हाच मी ओळखलं, आणि सगळी बिअर गुलाबाच्या मुळाशी ओतली. (गुलाब यंदा फार सुंदर आलेत. तुमच्या पाहुणीला हेही सांगू शकता.)

दुसऱ्या वेळी मी हंडा राखेने, व्हिनेगरने आणि हात दुखेपर्यंत घासला. जव मोजून घेतलं, पाणी कोपराने पाहिलं, लहान मुलाला आंघोळ घालताना बायका बघतात तसं. त्या दिवशी सकाळपासून ऊन कसं मऊ पडलं होतं, ताई. धुण्याच्या खोलीत वाफ भरली, खिडकीच्या काचा धूसर झाल्या, आणि गोड, भाजल्या पावासारखा वास सगळ्या परसात पसरला. कोंबड्या दारात येऊन एका पायावर उभ्या राहून पेंगायला लागल्या. मी चुलीपाशी स्टुलावर बसून लाकडी पळीने हळूहळू ढवळत होतो, आणि आत कुठेतरी फार खोलवर बरं वाटत होतं. पुढे जे झालं त्याला ती वाफच जबाबदार आहे, मी नाही.

अडचण हॉप्सची होती. तुम्ही म्हणाल, केंटमध्ये हॉप्सची अडचण? आमच्या खिडकीतून तिन्ही बाजूंना हॉप्सचेच मळे दिसतात! पण विचार करा, महिना जुलै. वेलींवर अजून नुसत्या काटेरी बारीक कळ्या. फुलं तयार होणार सप्टेंबरात. मागच्या वर्षीचं सगळं पीक भट्टीघरात वाळवून, पोत्यांत ठासून, कधीच विकून झालेलं. म्हणजे मैलोन् मैल हॉप्सच्या मधोमध बसून माझ्याकडे वाळलेलं एक फूल नाही! मळेवाले मिस्टर सिव्हियर यांनी भट्टीघराची फरशी झाडून मला कागदाच्या पिशवीभर दिले, तेवढेच. ते मी उकळीच्या सुरुवातीला टाकले. त्याने कडवटपणा आला. पण खरा जीव असतो तो शेवटी टाकायच्या हॉप्समध्ये. चूल विझवायच्या जरा आधी मूठ मूठ टाकायचे, म्हणजे बिअरला वास लागतो. तो नसेल तर नुसता काढा. माझ्या हंड्यात काढा उकळत होता आणि हातात रिकामी पिशवी होती.

आणि मी खिडकीबाहेर पाहिलं, तर दोरीवर, चादरीशेजारी, उन्हात, थर्झाची उशी वाळत घातलेली.

इथे जरा थांबतो, कारण त्या उशीबद्दल माझ्या मनात काही नव्हतं असं तुम्हाला वाटू नये. मी जन्मभर पायांना उंच काठ्या बांधून, त्यांवर चालत हॉप्सच्या खांबांना दोर बांधले. पंधरा फुटांवरून मी जग पाहिलं, आणि जगात मला प्रामुख्याने टोप्या दिसल्या. थर्झाची टोपी पहिल्यांदा दिसली ती तुमच्या मातोश्रींच्या टोपीशेजारी. दोघी एकाच कापडी पेटीवर वाकून हॉप्स तोडत होत्या, आणि मातोश्रींच्या टोपीला काळी पिसं होती. लग्नाची मागणीसुद्धा मी वरूनच घातली, कारण काठ्या सोडून खाली उतरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात माझा धीर सुटला असता. थर्झा वर बघून "बरं" म्हणाली. तुमच्या मातोश्री वर बघून म्हणाल्या, "आधी खाली उतर, मग बघू." त्यांना माझ्याकडे मान वर करून बघावं लागायचं, हे त्यांनी मला शेवटपर्यंत माफ केलं नाही. आणि आपल्या शेवटच्या हंगामात त्यांनी स्वतः तोडलेली फुलं वाळवून, त्यात लव्हेंडर घालून, शांत झोप लागावी म्हणून दोन उशा शिवल्या. एक तुम्हाला, एक थर्झाला. दरवर्षी लोक उशीतले हॉप्स बदलतात, थर्झाने कधी बदलले नाहीत. रात्री उशीला डोकं टेकलं की ती दिवा विझायच्या आत झोपायची. मला हे सगळं ठाऊक होतं. त्या दिवशी वाफेत ते मला आठवलं नाही, एवढंच.

मी फक्त एक कोपरा उसवला. एक मूठ घेतली. हंड्यात टाकल्याबरोबर असा वास उठला, ताई, की मी स्टुलावर बसलोच. सप्टेंबरचाच वास! मग वाटलं, आणखी एक मूठ, एका मुठीने काय होतंय. मग आणखी एक. भानावर आलो तेव्हा माझ्या हातात उशीची नुसती खोळ होती. (ती खोळ आता, थर्झा गेल्यावर, मी धुऊन, इस्त्री करून ठेवली आहे.) घाईघाईने सशांसाठी आणलेलं वाळकं गवत त्यात भरलं आणि उलट्यासुलट्या टाक्यांनी कोपरा शिवला. शिवण चांगली नव्हती. पण दोर बांधणाऱ्याच्या गाठी होत्या, सुटणाऱ्या नव्हत्या.

बिअर मुरत होती तितके दिवस थर्झाला झोप आली नाही. ती कूस बदलत राहायची. सकाळी डोळ्यांखाली काळं, हातातून कप पडायचे, तिच्या लाडक्या कोंबडीवरसुद्धा ओरडायची. आणि मला म्हणायची, "वय झालं रे माझं, ह्यूबर्ट. म्हातारपणी झोप जाते म्हणतात, ती अशी." मी म्हणायचो, "हवेचा परिणाम असेल." ताई, हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. एकदा तर ती म्हणाली, "उशीतून हल्ली सशाचा वास येतो." मी म्हटलं, "उन्हाळा आहे."

मग बिअर तयार झाली. तांबडी, स्वच्छ, वर मलईसारखा फेस. पहिला ग्लास थर्झाला द्यायचा हे मी ठरवूनच ठेवलं होतं, कल्पना तिची होती ना! बागेतल्या बाकावर तिला बसवलं आणि ग्लास हातात दिला. तिने तो उजेडासमोर धरला, मान डोलावली. नाकाशी नेला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत. चेहरा असा निवांत झाला, जसा कित्येक दिवसांत मी पाहिला नव्हता. मला वाटलं, जिंकलो! आता ती म्हणणार, अँब्रोझच्या बिअरने झक मारावी. ती डोळे मिटूनच अगदी हळू म्हणाली, "ह्यूबर्ट, ही आईची उशी आहे."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ग्लास फेकून मारला असता तरी चाललं असतं. तिने एक थेंब न पिता ग्लास बाकावर ठेवला, आत गेली, तपकिरी पिशवी भरली आणि बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेलो. बस येईपर्यंत आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. ती समोरच्या मळ्याकडे बघत होती, मी तिच्या टोपीकडे. मला म्हणायचं होतं की जाऊ नकोस. पण तोंडातून निघालं ते, "कोंबड्यांना किती दाणे घालायचे?" तेवढ्यात बस आली आणि ती चढली.

आता गावच्या प्रदर्शनाच्या दिवशी काय झालं ते सांगतो, कारण त्याच्या उलटसुलट बातम्या मार्गेटपर्यंत पोचल्या असतील. चर्चमागच्या मैदानात तंबू पडले होते. कांदे, भोपळे, मुरंबे, केक आणि घरगुती बिअर, यांची दरवर्षीसारखी स्पर्धा. मैदानाच्या मध्यभागी शेजारच्या लॅम्बरडेनशी क्रिकेटचा सामना. थर्झा चहा समितीची प्रमुख हे तुम्हाला माहीत आहे. ती गेल्याचं कळल्यावर समितीच्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, एप्रन काढले, घड्या घातल्या आणि घरी गेल्या. चहा नाही, काकडीची सँडविचेस नाहीत, केक नाही! आपल्या मुलखात क्रिकेटमध्ये पाऊस चालतो, पराभवही चालतो. पण मध्यंतराला चहा नाही असं कधी झालं होतं का? दोन्ही संघ ओशाळून तंबूच्या दारात उभे. लॅम्बरडेनचा कप्तान म्हणाला, "हरकत नाही, छान आहे." मला त्यांची फार दया आली. माझ्याकडे बिअरचं पिंप होतं. परीक्षक म्हणून आमचे पाद्री पिल्बीमसाहेब चमचाभर चाखणार होते, बाकीची उरणारच होती. मी सगळ्यांना वाटली.

सुरुवातीला सगळे अगदी खूश झाले. अँब्रोझ एक घोट पिऊन गप्प झाला, मग दुसरा प्यायला, आणि माझा हात धरून सोडेचना. सामना पुन्हा सुरू झाला. ऊन तिरकं झालं होतं, लिंडनच्या झाडांत मधमाश्या गुणगुणत होत्या, आणि सगळं हळूहळू मंद व्हायला लागलं. गोलंदाज धावत आला, मग चालत आला, मग मध्येच गवतावर बसला. स्लिपमधले दोघं एकमेकांना टेकून घोरायला लागले. आमच्या सॅक्सबीने एक चेंडू टोलवला, तो संथपणे सीमेकडे घरंगळत गेला आणि त्याच्यामागे कोणी धावलं नाही, फलंदाजसुद्धा नाही. सगळे जण त्या चेंडूकडे प्रेमाने बघत होते. पंच मिस्टर चीझमन उभ्या उभ्या झोपले आणि झोपेत त्यांचं बोट वर गेलं. सॅक्सबीने ते पाहिलं, पंचांना वाकून नमस्कार केला आणि कुठलीही तक्रार न करता बाद होऊन परत निघाला. वाटेत एका मेंढीशेजारी आडवा झाला. तंबूत पिल्बीमसाहेबांनी माझ्या पिंपावर पहिल्या बक्षिसाची लाल चिठ्ठी लावली आणि पहिल्या बक्षिसाच्या भोपळ्यावर गाल टेकून डोळे मिटले. मग सगळं मैदान शांत झालं. इतकं शांत, की वेली वाढतात त्याचा आवाज येईल असं वाटलं.

आणि जागे झाल्यावर, ताई, प्रत्येक जण म्हणाला की स्वप्नात आई आली होती. लॅम्बरडेनचा तो तेज गोलंदाज, दारातून वाकून आत येतो एवढा धिप्पाड, गवतात बसून डोळे पुसत होता. झोपेत "आई, मी जेवलोय गं, खरंच जेवलोय," असं म्हणाला होता. अँब्रोझच्या आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवून विचारलं म्हणे, "तुझा दांडा कोणी नेला रे?" तो टपालघराकडे गेला आणि बिअर पुरवणाऱ्यांना लांबलचक तार करून आला. तिच्यात "छान" हा शब्द एकदाही नव्हता. निम्मा संघ टेलिफोनच्या खोक्यासमोर रांगेत उभा होता, आईला फोन करायला. ज्यांच्या आया नाहीत ते चर्चच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले.

सगळ्यांना स्वतःची आई दिसली, आणि मला? मला सासूबाई. मी काठ्यांवर होतो. पहाटेचं धुकं माझ्या कमरेपर्यंत आलेलं, खाली दुधासारखं पांढरं, आणि दोरांवर वेली चढताना दिसत होत्या. मी टोप्या शोधत चाललो होतो. एकही टोपी नव्हती. मग काळी पिसं दिसली. तुमच्या मातोश्रींनी मान वर केली. मी म्हटलं, आता उशीवरून ऐकावं लागणार. त्या उशीबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्यूबर्ट, पोरगी झोपते का रे?" खाली उतरून सांगावं म्हणून मी पाय टाकत होतो, टाकत होतो, आणि जमीन लागत नव्हती.

असो. बक्षीस मिळालं. लाल चिठ्ठी घड्याळामागे लावली आहे. एकंदरीत माझं चांगलं चाललं आहे आणि मला कुणाची उणीव भासत नाही. दंतवैद्यांना नमस्कार, कॅनरीला शीळ. तुमच्या गुडघ्याला आराम पडो.

तुमच्या बहिणीचा नवरा (असं अजून समजतो),
ह्यूबर्ट ओव्हेंडेन

ता. क. हे पत्र थर्झाला दाखवू नका. दाखवलंच तर गुलाबांचा मजकूर आधी दाखवा.

ता. क. २. ताई, वर जे गाढ झोपतो म्हणून लिहिलं ते साफ खोटं आहे. ती गेल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही, आणि सामन्याच्या दिवसानंतर त्या बिअरला मी हात लावला नाही. पलंगाच्या माझ्याच बाजूला अंग चोरून पडून राहतो. तिची बाजू तशीच ठेवली आहे. मला तुमच्याकडून दुसरं काही नको. मध्यस्थी नको, समजूत काढायला नको. फक्त एवढं कळवा की तिथे तुमच्या उशीवर तरी तिला झोप लागते का. लागत असेल तर तिला तिथेच राहू द्या, मी कोंबड्यांचं बघतो. लागत नसेल तर मला फोन करा, मी येतो आणि तिच्या पायाशी बसून राहतो. उशीत जे होतं ते मला परत आणता येणार नाही, हे मला कळतं. मी फार मूर्ख माणूस आहे.

ता. क. ३. पाकिटावर तिकीट लावत होतो तेवढ्यात दाराशी बस थांबली. थर्झा आली आहे. तुम्हाला सांगून आलीच असेल की विसरलेले गमबूट घेऊन चार वाजताच्या बसने परत येते. त्या बसची वाट बघू नका (हे पत्र पोचेपर्यंत बघून झाली असेलच). ती आत आली, घराची अवस्था पाहिली, गॅसशेजारच्या खुर्चीवर बसली आणि तिने मला बोलायला सुरुवात केली. ताई, काय बोलली! मी तिच्या आईला उकळलं. मी तिला म्हातारी ठरवलं. आईच्या दुसऱ्या उशीवर पडून ती मार्गेटमध्ये रात्र रात्र छताकडे बघत राहिली, कारण पोटात एवढं साठलेलं आणि तिथे ऐकवायला कोणी नाही, तुम्ही तर लगेच तिची बाजू घेता. सशांपासून कोंबड्यांच्या दाण्यांपर्यंत तिने काही म्हणून सोडलं नाही. मी समोर उभा राहून ऐकत होतो, आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. बोलता बोलता आवाज जड झाला. म्हणाली, "आणि दुसरं म्हणजे, ह्यूबर्ट," आणि मान एका बाजूला कलली. हलकं घोरतेय.

टोपी अजून डोक्यावरच आहे. संध्याकाळी तुम्ही काळजीने फोन कराल, म्हणून रिसीव्हर काढून ब्रेडच्या डब्यात ठेवला आहे. पोलिसांत जाऊ नका, आणि स्वतः निघून आलात तर कृपा करून दार वाजवू नका. मी बूट काढून समोर बसलो आहे. दुसरं काय, ते मला अजून कळायचं आहे.